उतार कुठल्या बाजूला

अचूकतेचा मला आता वीट आला आहे. जितकं अचूक तितकं चांगलं, असं लोकांना वाटतं. बावीस वर्षं मीही तेच सांगत आले, नातेवाइकांना, नव्याने रुजू झालेल्या पोरींना, मशीन बघायला येणाऱ्या पाहुण्यांना. आता कुणी विचारलं तर मी नुसती मान हलवते आणि चहा मागवते.

मी वैजयंती म्याकल. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे. डॉक्टर नव्हे. कुठे मारायचं आणि किती, ते डॉक्टर सांगतात. किरण नेमके तिथेच पडतील हे बघणं माझं काम.

अंगातला कॅन्सर मेंदूत पसरला की तिथे मुगाएवढ्या, वाटाण्याएवढ्या गाठी होतात. फार पूर्वी अख्ख्या डोक्याला किरण द्यायचे. गाठी जायच्या आणि माणूसही अर्धा जायचा. मग रेडिओसर्जरी आली. नावात सर्जरी असली तरी सुरी नाही की टाका नाही. शेकडो बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी सोडायचे. एकटा किरण वाटेत फारसं काही बिघडवत नाही, पण सगळे जिथे एकमेकांना छेदतात तेवढी जागा जळते. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही गाठीभोवती एक मिलिमीटरची जादा कड धरायचो, कारण डोकं आवळून धरणारा मास्क घातला तरी ते जरा हलतंच. त्या कडेत मेंदूचं जे काही असेल ते जायचं. काय गेलं ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही म्हणायचो, "आजाराचा परिणाम आहे." आणि लोक ऐकून घरी जायचे.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे 'सूक्ष्मवेध' आलं. डोकं केसभर हललं तर किरणही मागोमाग हलतात, चूक फार तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाची. सोबत एक हेल्मेट. बोलताना, ऐकताना मेंदूत जे अगदी क्षीण चुंबकीय तरंग उठतात ते त्यातले सेन्सर टिपतात. पेशंटला गोष्ट ऐकवायची, प्रश्न विचारायचे, की मेंदूतला कुठला पुंजका भाषेचा, कुठला हाताच्या बोटांचा, याचा नकाशा पडद्यावर येतो. म्हणजे कडेत काय आहे ते आता दिसायला लागलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण एक गोष्ट त्या मशीनलाही जमत नाही. गाठीच्या कडेपाशी किरणांचा मारा एकदम शून्य होत नाही, तो उतरत जातो. आम्ही त्याला उतार म्हणतो. एका बाजूचा उतार खडा केला की दुसऱ्या बाजूला तो पसरतो. वाळूच्या ढिगाला एका अंगाने फळी लावली की वाळू दुसऱ्या अंगाने घसरते, तसंच. उतार कुठल्या बाजूला सोडायचा, एवढंच आपल्या हातात राहतं. बहुतेक वेळा नकाशावर कुठली तरी बाजू रिकामी सापडते. तिकडे सोडायचा आणि सही करायची.

गेल्या श्रावणात माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तीन गाठी निघाल्या.

व्यंकटेश चादरींच्या नक्षीची डिझाइनं करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं एक मूत्रपिंड काढलं होतं. आम्ही जवळजवळ विसरलो होतो म्हणा ना. एके सकाळी आंघोळीला जाताना तो तोल जाऊन पडला, आणि संध्याकाळी स्कॅन आमच्याच पडद्यावर होता. दोन गाठी सोप्या जागी होत्या. तिसरी डावीकडे, कानाच्या वर, आत खोल. भाषेच्या मुलखात.

"काढता येईल?" मी डॉ. फडतरेंना विचारलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख.

"चाकूने नाही. तुम्हाला माहीत आहे, मॅडम."

माहीत होतंच. तरी विचारलं. बावीस वर्षं लोक मला माहीत असलेलंच विचारत होते, आणि मी त्यांच्यावर चिडत होते.

घरच्या माणसाच्या किरणांचा प्लॅन आपण करायचा नाही असा नियम आहे. म्हणून तो तौफिककडे गेला. तौफिक माझा सहकारी, हुशार आणि माझ्यापेक्षा शांत. पण प्लॅनवर दोन फिजिसिस्टच्या सह्या लागतात आणि जिल्ह्यात आम्ही दोघंच. तेव्हा तपासणीची दुसरी सही माझी, असं फडतरेंनी लेखी दिलं. फॉर्मही मीच भरले. स्टाफच्या माणसाला रांगेत कोण बसवतो? चहाचा कप एका हातात, पेन दुसऱ्या हातात. वय, वजन, जुनी ऑपरेशनं, मातृभाषा. मातृभाषेपुढे मी लिहिलं, मराठी.

दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून त्याला मराठी गोष्ट ऐकवली, मराठी प्रश्न विचारले. मराठी गाठीच्या पुढच्या अंगाला निघाली, अगदी चिकटून. मागचं अंग रिकामं. तौफिकने उतार मागे सोडला. प्लॅन इतका सुबक झाला होता की मी त्याची पाठ थोपटली.

मग मास्कची तालीम. तोंडावर जाळीदार मास्क आवळून माणसाला वीस मिनिटं निपचित पडायचं असतं. श्वास संथ राहावा म्हणून आम्ही मनात आकडे मोजायला सांगतो. काही लोक मोठ्याने मोजतात. मी काचेच्या अलीकडे बसले होते, स्पीकर चालू होता.

"ओकटी... रेंडू... मूडू... नालुगू..."

चोवीस वर्षं ऐकत होते मी ते. नोटा मोजताना, जिन्याच्या पायऱ्या चढताना, नक्षीतले धागे मोजताना. व्यंकटेश तेलुगूत मोजतो, यात नवीन काय होतं? पण त्या दिवशी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"थांबव," मी तौफिकला म्हणाले.

"काय झालं, मॅडम? सगळं बरोबर आहे की."

"डोंबल बरोबर! नकाशा चुकलाय. मी चुकवलाय."

सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात. दोनतीन पिढ्यांपूर्वी मागावर काम करायला आलेली पद्मशाली घरं. शाळा मराठी, कचेरी मराठी, आणि फॉर्मवर मातृभाषा म्हणून सगळे बिनदिक्कत मराठी लिहितात. विचारसुद्धा करत नाहीत. मी तर बार्शीची, मूळची मराठीच. त्या घरात लग्न करून गेले आणि चोवीस वर्षांत तेलुगू शिकले नाही. का, तेही सांगते. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सासूबाई आणि नणंदा माझ्यासमोर माझ्याबद्दलच तेलुगूत बोलून हसल्या. मी ठणकावून ठरवलं, जा, नाही शिकत तुमची भाषा. त्या वेळी पंचवीस वर्षांची होते, शोभून गेलं. मग हट्टाची सवय झाली. व्यंकटेश माझ्याशी मराठीत बोलायचा, आईशी तेलुगूत, आणि त्याच्या मातृभाषेचा रकाना भरताना मला फक्त माझा व्यंकटेश आठवला.

दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत त्या दोन भाषा कधी कधी वेगवेगळ्या जागी राहतात. हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हेल्मेटमध्ये त्याला तेलुगूतून प्रश्न विचारले. मागचं रिकामं अंग पडद्यावर लखलखून उठलं. पण त्या क्षणी मी नवऱ्याचा विचार करत नव्हते. मला गंगव्वा आठवली होती.

अक्कलकोटकडची गंगव्वा, कानडी बाई, सूक्ष्मवेधाच्या पहिल्या वर्षातली. उपचारानंतर तपासणीला आली तेव्हा आमच्या सगळ्या मराठी प्रश्नांची तिने फटाफट उत्तरं दिली होती. मी लिहिलं, भाषा शाबूत. तिचा मुलगा दारात घुटमळत होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्याशी बोलते ओ ती. घरात कोणाशीच बोलंना झालीय." आणि मी त्याला म्हणाले होते, आजाराचा परिणाम आहे. मी, अचूकतेवर भाषणं देणारी बाई. गंगव्वा पुढे दीड वर्ष जगली, आपल्याच घरात मुकी.

डॉ. फडतरेंनी व्यंकटेशला समोर बसवून नीट समजावलं. आडपडदा ठेवला नाही. गाठ दोन भाषांच्या मधोमध आहे. उतार पुढे सोडला तर चारपाच महिन्यांत मराठी जाईल, बोलणंही आणि समजणंही. मागे सोडला तर तेलुगू जाईल. दोन्हीकडे खडा ठेवायचा म्हटलं तर गाठीची कड जिवंत राहील आणि ती सहा महिन्यांत परत वाढेल.

"दोन्हीकडे थोडा थोडा सोडला तर?" त्याने विचारलं.

"मग दोन्ही थोड्या थोड्या जातील, आणि किती ते मी सांगू शकत नाही. एक पूर्ण ठेवा, असं माझं मत."

फरक किती होता माहीत आहे? शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर. केंद्रबिंदू तेवढा इकडे किंवा तिकडे.

घरी आम्ही तिघंच. मूलबाळ नाही. मी, तो आणि एक्याऐंशी वर्षांच्या नरसम्मा, माझ्या सासूबाई. मी त्यांना अत्तम्मा म्हणते, मला येणारा तेलुगू शब्द तेवढाच. त्यांना मराठी येते ती बाजारापुरती, 'किती', 'नको' आणि 'महाग'. चोवीस वर्षं आम्ही दोघी हातवाऱ्यांवर आणि व्यंकटेशच्या दुभाषेपणावर एका स्वयंपाकघरात नांदलो. भांडणंसुद्धा त्याच्यामार्फत व्हायची, आणि तो मधल्या मधे शब्द गाळायचा हे आम्हा दोघींना माहीत होतं.

व्यंकटेशने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तो पलंगाच्या कडेला येऊन बसला.

"वैजू, तेलुगू ठेवायची म्हणतोय."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. दुःख नंतर झालं, खरं सांगते, आधी राग आला. असा राग की कानशिलं तापली.

"आणि मी?"

"ऐक की जरा."

"काय ऐकू? चोवीस वर्षं संसार केला तो काय खुणांनी केला? उद्या मी काही बोलले तर तू माझ्याकडे नुसता बघत बसणार. चालेल तुला?"

"नाही चालणार. पण तू शिकशील, वैजू. आई आता या वयात मराठी शिकेल का? दोघींपैकी ज्या बाईला शिकता येतंय तिच्यावर टाकायलोय मी. दुसरं काय करू?"

"मी नाही शिकले तर?"

"मग नाही शिकलीस," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका दमलेला होता की मला पुढे भांडता येईना. मी घड्या घालत राहिले. हिशेब त्याचा चुकीचा नव्हता, म्हणूनच जास्त झोंबला.

अत्तम्मांना त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघं बराच वेळ बोलत होते. मी आत गेले तशी गप्प झाली. आजवर हजारदा असं झालं असेल. पण त्या दिवशी मला अत्तम्मांचा हेवा वाटला, अगदी लहान मुलीसारखा. एक्याऐंशी वर्षांची बाई, जगून जगून किती जगणार? आणि मी पन्नाशीतली. असलं मोजमाप मनात आलं माझ्या. आलं ते आलं, आता कशाला लपवू?

शुक्रवारी उपचार होता, दुपारी तीनला. एक वाजता तौफिक जुम्म्याच्या नमाजाला गेला. फडतरे ओपीडीत. खोलीत मी, एसीची घरघर आणि पडद्यावर माझ्या नवऱ्याचा मेंदू. मराठी निळ्या रंगात, तेलुगू केशरी, मधे ती मुगाएवढी गाठ. उतार निळ्यावर पसरलेला. फक्त माझी सही बाकी होती.

तपासणी करणाऱ्याला शेवटची बारीक दुरुस्ती करण्याची मुभा असते, शून्य पूर्णांक आठ मिलिमीटरपर्यंत. त्याला डॉक्टरांची परवानगी लागत नाही. मास्क जरा सैल बसला, सूज जरा वाढली, अशा कारणांसाठी ती सोय आहे. रोज कुणा ना कुणासाठी आम्ही ती वापरतो. कारण म्हणून दोन शब्द टाकायचे, संपलं.

मी बाण दाबला. एक दशांश. दोन. तीन. उतार निळ्यावरून सरकत गाठीच्या अंगाने मागे निघाला. सहाव्या दाबाला निळं पूर्ण मोकळं झालं आणि केशरीवर सावली आली. चार महिन्यांनी तो आईशी बोलायचा थांबला असता. मी म्हणाले असते, आजाराचा परिणाम. माझ्याकडे हे वाक्य तयारच होतं, आणि सगळ्या जिल्ह्याने ते मान्य केलं असतं. त्यानेसुद्धा.

सात मिनिटं मी ते तसंच ठेवलं. मशीनमध्ये वेळेची नोंद राहते म्हणून आकडा माहीत आहे. त्या सात मिनिटांत मी काही थोर विचार केला नाही. मला तो हवा होता, एवढंच. सकाळी चहा गार झाला म्हणून कुरकुरणारा, पेपरातल्या बातमीवर माझ्याशी वाद घालणारा, 'वैजू, माझा चष्मा कुठाय' म्हणून हाका मारणारा. मराठीतला.

मग डोळ्यांपुढे तो दारात घुटमळणारा मुलगा आला. बाण उलटा सहा वेळा दाबला. सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तीनला त्याला मास्क घातला. बावीस मिनिटांत काम झालं. दुखत नाही, कळतसुद्धा नाही. घरी जाताना त्याने वाटेत भजी घ्यायला लावली.

गाठी विरल्या, तिन्ही. फडतरे खूश होते. मराठी चौथ्या महिन्यात जायला लागली. आधी बारीकसारीक शब्द गेले, मग वाक्यं तुटायला लागली. तो पेपर उघडून फोटो बघायचा आणि घडी करून ठेवायचा. एकदा मी वीजबिलाबद्दल तावातावाने काहीतरी बोलत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तो फार प्रेमाने माझ्या तोंडाकडे बघतो आहे आणि त्याला एक अक्षर कळत नाही. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन पोटभर रडले.

हॉस्पिटलात मी फॉर्म बदलून घेतला. आता त्यात विचारतात, घरात कुणाशी कुठल्या भाषेत बोलता? जुन्या पेशंटांची यादी काढून तौफिक आणि मी एकेका घरी फोन केले. त्या फोनांबद्दल मी काही सांगणार नाही.

आणि शिकायला लागले. दुसरा इलाज नव्हता. अत्तम्मा शिकवायच्या, चुलीपाशी बसून, वस्तू हातात धरून. मास्तरीण म्हणून भयंकर. एक शब्द चुकला की कपाळावर हात मारायच्या आणि शेजारणीला हाक मारून सांगायच्या. शेजारीणही हसायची. पंचविसाव्या वर्षी ज्या हसण्यावर मी रुसले होते ते पन्नाशीत रोज ऐकलं, आणि काही झालं नाही.

सहा महिन्यांत माझी मजल तीनचार वर्षांच्या पोरीइतकी गेली. मागता येत होतं, नाही म्हणता येत होतं, दुखतंय का विचारता येत होतं. पण मला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती माझ्या छातीवर बसली होती. त्या सात मिनिटांची. त्याच्याशी खोटं बोलले नव्हते, तरी रोज बोलतेय असं वाटायचं. मी त्या गोष्टीचे शब्द एकेक करून गोळा केले. 'सरकवणे' कसं म्हणायचं ते भाजीवालीकडून घेतलं.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी ताट बाजूला केलं आणि सुरुवात केली. तेलुगूत, जशी येत होती तशी.

"त्या दिवशी. मशीन. मी किरण सरकवला. आईची भाषा आहे, तिकडे. तू सांगितलं नाही, तरी सरकवला. मग परत आणला."

व्यंकटेश घास हातात धरून बघत राहिला. कपाळाला आठ्या. "काय? पुन्हा सांग. काही कळलं नाही."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आणखी विस्कटलं. त्याने मान हलवली, नाही.

अत्तम्मांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं. माझं मोडकं बोलणं रोज ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला होता. त्यांनी मुलाकडे तोंड केलं आणि माझंच बोलणं, स्वच्छ, पूर्ण वाक्यांत, काही न गाळता त्याला सांगितलं. म्हणते, तुझी माझ्याशी बोलायची भाषा तिने जाळायला घेतली होती, तुला न विचारता. मग तिला ते करवलं नाही, परत जागेवर आणलं. एवढं सांगून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. मला मान वर करवेना.

व्यंकटेशने हातातला घास ताटात ठेवला. मग तो माझ्याकडे वळला. लहान मुलाशी बोलावं तसा, एकेक शब्द सुटा करून, मला समजेल अशा बेताने म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो, तर परत आणला नसता."

ते मला एकदाच ऐकून कळलं.